अग्निशमन सप्ताह आणि आंब्याची अढी

अग्निशमन सेवा सप्ताह दरवर्षी १४ ते २० एप्रिल असा पाळतात. तारीख ठरवणाऱ्यांत रत्नागिरीचं कुणी नसावं. असतं, तर त्यांनी वेळीच कानावर घातलं असतं की साहेब, त्या आठवड्यात आमच्या जिन्यात गवत असतं.

गवत अढीचं. नाचणे रोडला, साळवी स्टॉपला, कुवारबावला ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच घरांचा एक पाय अजून गावातल्या कलमांत आहे. एप्रिल लागला की संध्याकाळी टेम्पो येतो, आंबा उतरतो आणि प्रश्न पडतो की ठेवायचा कुठे. बेडरूममध्ये ठेवला तर सून बोलते. हॉलमध्ये ठेवला तर पाहुणे मोजतात. किचनच्या उष्म्याने सगळा एकदम पिकतो. उरतो तो जिना. तिथे सावली असते, वारा असतो आणि मेंटेनन्समध्ये त्याचे पैसे आपण भरलेले असतात. मग जिन्याच्या वळणावर वर्तमानपत्रं पसरायची, त्यावर पेंढा, त्यावर आंबा, पुन्हा पेंढा. बाजूला पुठ्ठ्याचे खोके आणि गेल्या वर्षीच्या लाकडी पेट्या. सरकारने अग्निशमनाचं प्रात्यक्षिक करायला सामान मागवलं असतं, तरी याहून नीट रचून कुणी दिलं नसतं.

कोकणी माणूस घर सोडून फ्लॅटमध्ये आला, पण पडवी मागे ठेवायला तयार झाला नाही. ती त्याने जिन्यात आणली. आमच्या इमारतीच्या जिन्यात या घडीला चपलांची कपाटं आहेत, मोठ्या झालेल्या नातवाची छोटी सायकल आहे, गणपतीचं मखर आहे, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी आहे आणि एका वळणावर भरलेला गॅस सिलिंडर आहे. सिलिंडरवर कुणीतरी कुंडी ठेवली आहे. कुंडीत तुळस आहे, त्यामुळे हलवा म्हणायची सोय नाही.

१४ एप्रिल ही तारीख मूळची मुंबईची. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या बोटीला आग लागली. बोटीच्या पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा होता. वाटेत कराचीला थोडा माल उतरला, जागा मोकळी झाली, म्हणून तिथे कापसाच्या गाठी भरून घेतल्या. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात. तेव्हा त्या गोद्यांत आणि आसपासच्या चाळींत आपल्या जिल्ह्याची माणसं काही थोडीथोडकी नव्हती. मला या हकिगतीतला कराचीचा भाग फार ओळखीचा वाटतो. कुणीतरी खाली वाकून बघितलं असणार आणि म्हटलं असणार, जागा आहे की, टाका. आमचा अख्खा जिना याच एका वाक्यावर भरला आहे.

जुन्या घरांचं बरं होतं म्हणावं, तर तेही खरं नाही. जांभ्याच्या भिंती पेटत नसतील, पण वासे पेटत, कौलांआधी पेंढ्यानं शाकारलेली छपरं असत आणि ती तर ठिणगीची वाटच पाहत. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा मंडालेचा सागवानी राजवाडा १९४५ साली युद्धात जळाला. त्याला कैदेत ठेवायला इंग्रजांनी इथे बांधलेला राजवाडा मात्र अजून समुद्राकडे तोंड करून उभा आहे. रत्नागिरीकर याचं श्रेय चिऱ्याला देतात. इथे युद्ध झालं नाही, हा मुद्दा कुणी काढला तर त्याला चहा मिळत नाही. जुन्या घरांची एक गोष्ट मात्र खरोखर शहाणपणाची होती, ती म्हणजे मागीलदार. पुढे पेटलं तर माणूस मागून बाहेर, आणि मागे विहीर. फ्लॅटला मागीलदार नसतं. मागच्या बाजूला सुकत घातलेले टॉवेल, त्यापुढे ग्रिल आणि त्यापलीकडे शेजाऱ्याचं ग्रिल.

ग्रिलवरून एक सांगतो. आमची इमारत चोराला तोंड द्यायला चोख तयार आहे. प्रत्येक घराला आधी लोखंडी सेफ्टी डोअर, मग लाकडी दार, त्याला लॅच, वर कडी, खाली कडी आणि मधे साखळी. खिडक्यांना गज, गॅलरीला गज, संडासाच्या खिडकीलाही गज. चोराला आत यायला जितका वेळ लागेल, तितकाच आम्हाला बाहेर पडायला लागतो. दोन्ही बाजूंना समान न्याय आहे. इतकं करून गेल्या कित्येक वर्षांत चोरी झाली ती एकच, खालच्या कुंड्यांतल्या अबोलीची, आणि ती कुणी केली ते सगळ्यांना माहीत आहे.

गच्चीचंही तेच. गच्ची हे आमचं खळं. पापड, कुरडया, आमसुलं, आंब्याची साटं, जे काही उन्हाला लागतं ते सगळं तिथे. एके वर्षी दुसऱ्याच कुणीतरी आपली समजून साटं उचलली, तेव्हापासून गच्चीला कुलूप आहे. चावी खजिनदारांकडे. खजिनदार सज्जन आहेत, हिशेब पैशापर्यंत चोख, फक्त मुलाकडे पुण्याला असतात. आग खाली लागली आणि वर जायची पाळी आली तर काय, असं मी एकदा सभेत विचारलं. चेअरमन म्हणाले, "मग त्यांना फोन लावायचा. रात्री उशिरापर्यंत जागे असतात ते."

आता लाल नळकांड्याकडे येऊ. हे लिफ्टशेजारी भिंतीला टांगलेलं असतं आणि पावसाळ्यात त्याच्या खुंटीला छत्र्या लावतात. आत एबीसी पावडर असते. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड. बी म्हणजे तेल, पेट्रोल. सी म्हणजे गॅस. आंब्याच्या पेट्यांना वेगळं अक्षर नाही, त्या ए मध्येच धरायच्या. वर एक छोटी तबकडी असते, तिचा काटा हिरव्यात असला तर दाब आहे. पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेच्या शेंड्यावर न धरता बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि डावीउजवीकडे फिरवत राहायचं. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत संपतं, म्हणजे आमच्याकडे "पिन कुठली?" या प्रश्नावर जितका वेळ जाईल त्याहूनही कमी. या नळकांड्याच्या रिफिलवरून वार्षिक सभेत झालेला संवाद आमच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांनी इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवून ठेवला आहे.

"मागच्या खेपेला भरलेला, तो वापरला का?"

"नाही. आग लागली नाही."

"मग आतलं गेलं कुठे?"

"गेलं नाही, मुदत संपली."

"न वापरता संपली? मग पैसे परत मागा."

ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. नाव वाचता वाचताच धाप लागते, पण सांगतो ते साधं आहे. ज्या इमारतीला आगीची यंत्रणा बंधनकारक आहे, तिथे ती चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा राहणाऱ्याची. बिल्डरने हार घालून चाव्या दिल्या तिथे त्याचा विषय संपला. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून दाखला द्यायचा. त्याला फॉर्म बी म्हणतात. जानेवारीचं एक वेळ समजू शकतं. पण जुलैत? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं हे गाव. जुलैत आमच्याकडे देवापुढची काडी तीन वेळा ओढावी लागते, इमारत कुठून पेटणार, असा चेअरमनांचा सवाल असतो. त्यांना कोण सांगणार की जिन्याखालच्या मीटरच्या पॅनेलमधून पहिल्या पावसात जो चरचर आवाज येतो, तो बेडकांचा नव्हे. त्या पॅनेलला टेकून होळीच्या वर्गणीतून उरलेले बांबू उभे आहेत. दोन महिन्यांपासून शेजारी एक इलेक्ट्रिक स्कूटरही चार्जिंगला असते, सार्वजनिक मीटरवर. सभेत स्कूटरवरून भांडण झालं ते युनिटच्या दरावरून.

आगीसाठी राखीव टाकीचंही ऐका. टाकीत पाणी असतं, मार्चपर्यंत. एप्रिलअखेर शीळ धरणाची पातळी पेपरात यायला लागली की आमची पातळीही खालावते. मे महिन्यात मुंबईकर येतात, माणशी दोन आंघोळी करतात आणि "गावाला काय मस्त वाटतं" म्हणतात. ते मस्त वाटणं राखीव टाकीतून येतं.

गॅसबद्दल मात्र आमच्या गावाला विनोद फार वेळ करता येत नाही. २०२३ च्या जानेवारीत शेट्येनगरात पहाटे गॅसचा स्फोट झाला, स्लॅब कोसळला आणि माणसं गेली. त्यानंतर महिनाभर गावात दुसरा विषय नव्हता. जो तो घरी जाऊन रबरी नळी बघत होता. नळीवर छापलेली मुदत त्या महिन्यात जितक्या लोकांनी वाचली, तितक्यांनी आधी कधी वाचली नसेल. तीच गोष्ट सिलिंडरच्या कड्याखालच्या पट्टीवर रंगवलेल्या अक्षराची. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाही, पुढे सालाचे दोन आकडे. ती त्याच्या पुढच्या चाचणीची तारीख. ती उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर घ्यायचा नाही, परत पाठवायचा.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. आपल्याला कळावं म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं घाणेरडं रसायन घालतात. ज्याने ही युक्ती काढली तो बांगडे खाणारा नसावा. आमच्या इमारतीत बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत जो दरवळ असतो, त्यात मरकॅप्टनने आपली ओळख करून द्यायची म्हणजे त्याचीच परीक्षा. पुन्हा हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा सापडतो. आणि सापडल्यावर आपण काय करतो? "वास कसला येतोय बघू," म्हणत पहिल्यांदा लाईट लावतो. नेमकं तेच करायचं नाही. लावायचा नाही आणि चालू असला तर बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, सगळ्यांनी बाहेर, आणि १९०६ ला फोन बाहेर आल्यावर. शेजाऱ्यांना सावध करायचं ते हाका मारून, बेल दाबून नाही. एवढ्या एका बाबतीत आमच्या इमारतीची तयारी परिपूर्ण आहे. हाका मारण्यात आम्हाला तोड नाही.

वडे तळताना कढई पेटली तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं, हे घरोघरच्या बायकांना माहीत आहे. पुरुषांना माहीत नाही, आणि बादली घेऊन धावत येणारा नेहमी पुरुष असतो. त्यामुळे वडे होताहेत तोवर घरातल्या कर्त्या पुरुषाला बाहेर बसवून ठेवणं हासुद्धा अग्निप्रतिबंधक उपायच म्हणायला हवा.

समजा लागलीच आग, तर १०१ किंवा ११२. फोन लागतो. अडचण आहे ती पुढे, पत्ता सांगण्यात. मास्तरांनी एकदा तालीम म्हणून मला समोर बसवून पत्ता सांगायला लावला. मी इमारतीचं नाव सांगितलं. मास्तर म्हणाले, "या नावाच्या तीन आहेत." मी म्हटलं, मारुती मंदिरावरून नाचण्याकडे खाली या. "खाली म्हणजे?" पूर्वी गिरण होती तिथे वळा. "बंबावरच्या पोराचा जन्म गिरण बंद झाल्यावरचा आहे." मग मी वळणावरच्या फणसाचा दाखला दिला. तो गेल्या वर्षी तोडला. शेवटी असं ठरलं की पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या फोनजवळ लावायचा. कुणाच्याही घरात आता ठरलेल्या जागी बसणारा फोन नाही, हे त्यानंतर लक्षात आलं.

पत्ता कळला, नगरपरिषदेचा बंब निघाला, आग मोठी म्हणून एमआयडीसीचाही निघाला, तरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मे महिन्यात उभी असते मुंबईच्या पासिंगची गाडी. मालक गणपतीपुळ्याला गेलेला असतो, दुसऱ्याच्या गाडीतून.

या सगळ्यात शहाणपणाची गोष्ट एका लहान मुलीची आहे. परळच्या क्रिस्टल टॉवरला २२ ऑगस्ट २०१८ ला सकाळी आग लागली. बाराव्या मजल्यावर लागली, धूर वर चढला, चार माणसं गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा बंद होती. सोळाव्या मजल्यावर झेन सदावर्ते नावाची दहा वर्षांची मुलगी राहत होती. तिला शाळेत शिकवलं होतं की धूर आला तर सुती कपडा ओला करून नाकातोंडाशी धरायचा. तिने घरातल्या कपड्यांचे तुकडे केले, भिजवले आणि जमलेल्या मोठ्या माणसांच्या हातात दिले. त्या मजल्यावरची माणसं वाचली, तिला पुढे शौर्य पुरस्कार मिळाला. आगीत माणूस जाळापेक्षा धुराने जास्त जातो. धूर वर जातो, म्हणून आपण खाली वाकायचं, रांगायचं, लिफ्टकडे फिरकायचंही नाही.

मास्तरांनी ही गोष्ट सभेत सांगितली आणि तिच्या जोरावर तालीम मंजूर करून घेतली. रविवारी सकाळी अकराची वेळ ठरली. शिट्टी वाजली. निम्मी इमारत लिफ्टने खाली आली. "जिन्यात गर्दी नको म्हणून," असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन घरांनी दार उघडलं नाही, त्यांची मालिका चालू होती. एक काका सगळ्यांच्या आधी खाली पोचले, पण ते मुळात वर गेलेच नव्हते.

मग मास्तरांनी यादी काढली, ज्यांना स्वतःहून उतरता येत नाही त्यांची. ती प्रत्येक इमारतीने करायला हवी आणि आमच्या यादीत पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं. वय नव्वदीला टेकलेलं, गुडघे दोन्ही गेलेले, बाकी सगळं शाबूत. आजींना उचलायला दोन धडधाकट मुलगे नेमले होते. त्यातला एक दुबईला आणि दुसरा भूक लागली म्हणून घरी गेलेला. बदली म्हणून पहिल्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा आणि दूधवाला असे दोघे पुढे आले. आजींनी आधी दोघांना आपादमस्तक बघितलं.

"कोणाचा रे तू?"

मुलाने सांगितलं.

"तुझ्या आजोबांनी माझ्या लग्नात पंगतीत श्रीखंडाची परात पाडलेली. जपून उचल."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आजींना उचललं. एक मजला नीट उतरले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. एका बाजूला पेट्या, दुसऱ्या बाजूला चपलांचं कपाट, मधे अढी. दूधवाला खालच्या पायरीवर, मुलगा वरच्या पायरीवर, आजी दोघांच्या मधे तिरक्या. पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. वरून लोक आले, खालून लोक आले, सूचनांचा पाऊस पडला. अढीचे मालक आतून धावत आले आणि म्हणाले, "आंब्यावर पाय नको हो कुणाचा!"

आजींनी खुर्चीतूनच हात लांब केला, पेंढा बाजूला सारला, एक आंबा काढला, देठाशी नाक नेलं. दोन-तीन आंबे चाचपले.

"कुठे आहे तुझी बायको? बोलाव. ही अढी परवाच उघडायला हवी होती. खालचा थर नासला सगळा. अख्ख्या जिन्यात वास सुटलाय नि तुम्ही रोज इथूनच जा-ये करता. एकाच्याही नाकाला लागला नाही? आणि म्हणे गॅस सुटला तर आम्हाला कळेल."

पेट्या त्याच दुपारी खाली गेल्या. नासके आंबे मास्तरांच्या देखरेखीखाली मोजून टाकण्यात आले. २००६ च्या अधिनियमाला जे जमलं नाही ते झालं, पण मालकांनी नुकसानभरपाईचा अर्ज सोसायटीकडे दिला आहे आणि तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर रिफिलच्या वर घेतला आहे.